घरचीं चित्रें आणि ओळखणारीं माणसें

एका प्रवाशानें सहज टिपलेल्या तीन मिनिटांच्या घरगुती चित्रफितीवर तासाहून अधिक लांबीचा चित्रपट उभारतां येईल काय, असें कोणी आम्हांस विचारलें असतें तर आम्हीं नकारार्थीं मान हलविली असती. बियांका स्टिख्टर या डच लेखिकेनें २०२१ सालीं तसा चित्रपट उभारून दाखविला. ‘थ्री मिनिट्स : अ लेंग्थनिंग’ हें त्याचें नांव. आम्हीं तो उशिराच पाहिला. परंतु पाहिल्यापासून आपल्या घराघरांत सांचत चाललेल्या चित्रफितींचें पुढें काय होणार, हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. चित्रपटाचें गुणदोषविवेचन आणि त्या प्रश्नाची चर्चा हीं दोन्ही येथें एकत्रच करण्याचें योजिलें आहे. कारण आमच्या मतें तीं एकमेकांपासून निराळीं नाहींत.

प्रथम त्या तीन मिनिटांची हकीगत सांगितली पाहिजे. डेव्हिड कुर्त्झ हे लहानपणींच पोलंडांतून अमेरिकेस गेलेले ज्यू गृहस्थ. १९३८ च्या उन्हाळ्यांत पत्नी व स्नेही यांच्यासह ते युरोपच्या सफरीस निघाले. बरोबर १६ मिलिमीटरचा एक कॅमेरा होता. सफरींत ते आपल्या जन्मगांवीं, वॉर्साच्या उत्तरेस असलेल्या नाशेल्स्क या लहानशा गांवीं गेले आणि तेथील गर्दीचें थोडें चित्रण त्यांनीं केलें. कांहीं रंगीत, कांहीं बिनरंगी. गांवांत त्या वेळीं सुमारें ३,००० ज्यू राहत होते. पुढल्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि त्या ३,००० पैकीं युद्धाच्या अखेरीस १०० देखील जिवंत राहिले नाहींत. कुर्त्झ अमेरिकेस परतले, फीत डब्यांत गेली, डबा कपाटांत गेला. २००९ सालीं त्यांचे नातू ग्लेन कुर्त्झ यांना तो फ्लॉरिडांतील आपल्या आईवडिलांच्या घरीं सांपडला. फीत इतकी आकसली होती कीं, ती यंत्रावर चढवून पाहतां येण्यासारखी राहिली नव्हती. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट संग्रहालयाच्या द्वारें तिचा जीर्णोद्धार झाला. गांव कोणतें हेंहि प्रथम घरांत कोणास ठाऊक नव्हतें. आजीचें गांव असावें असा समज होता, तो चुकीचा ठरला. या शोधाचें वृत्त ग्लेन कुर्त्झ यांनीं २०१४ सालीं एका पुस्तकांत लिहिलें, आणि त्यावरून पुढें हा चित्रपट झाला.

स्टिख्टरबाईंनीं एक कडक नेम स्वतःवर घालून घेतला आहे. आरंभीं त्या तीनहि मिनिटें कांहीं न बोलतां आपणांस दाखवितात, आणि त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत त्या फितीच्या बाहेरचें चित्र जवळजवळ कोठेंच आणीत नाहींत. मुलाखत देणाराचें तोंड दिसत नाहीं, आजचें गांव दिसत नाहीं, रणगाडे नाहींत, छावण्या नाहींत. तींच मुलें पुन्हां पुन्हां कॅमेऱ्यासमोर धक्काबुक्की करतात, त्याच बाया पायऱ्या उतरून येतात, तेंच दुकान, त्यावरील तीच अस्पष्ट पाटी. केवळ आवाज बदलतात. १९३९ च्या डिसेंबरांत गांवांतील ज्यूंना हांकलून देण्यांत आलें, त्याचें वर्णन आपण ऐकतों तेव्हांहि डोळ्यांसमोर असतो तो १९३८ मधील उन्हांतला चौक. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटला. करुणरसाचा परिपोष करावयाचा म्हणजे विभावांची खैरात केली पाहिजे, अशी जी समजूत आमच्याकडील चित्रपटकर्त्यांत रूढ आहे, तिला याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. जें दाखविलें नाहीं त्यानेंच प्रेक्षकाचें मन व्यापून राहतें.

तथापि चित्रपट सर्वत्र सारख्याच उंचीवर राहतो असें नाहीं. निवेदनांत मधून मधून फितीचे कण, रंगांचें विटणें, काळ आणि स्मृति यांविषयीं जें चिंतन येतें, तें ऐकावयास गोड असलें तरी त्याचा हात कोणत्याहि माणसाला लागत नाहीं. तें दुसऱ्या एखाद्या फितीवरहि असेंच चिकटवितां आलें असतें. चित्रपट खऱ्या अर्थानें सजीव होतो तो एका वृद्धाच्या आवाजानें. संग्रहालयानें ती फीत सर्वांस पाहतां येईल अशी ठेवल्यावर एका स्त्रीनें ती पाहिली आणि गर्दींतील एका तेरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यांत तिला आपले आजोबा दिसले. आजोबा हयात होते. त्या म्हाताऱ्यानें स्वतःला ओळखलें, शेजारच्या मुलाला ओळखलें, कोणाच्या डोक्यावर कोणत्या तऱ्हेची टोपी आहे व तिच्यावरून काय समजावें हें सांगितलें, आणि दुसऱ्यांच्या अंगरख्यांच्या गुंड्या कापण्याचा आपला बालपणचा वात्रटपणाहि सांगितला. तो गुंड्यांची गोष्ट सांगतो तेव्हां तीं मुलें आपणांस प्रथमच मुलें म्हणून दिसतात. तोंवर तीं मरणाराचीं चित्रें होतीं. आतां तीं खोड्याळ पोरें झालीं. निवेदिकेच्या दहा सुंदर वाक्यांनीं जें साधलें नाहीं, तें त्या एका आठवणीनें साधलें.

त्या फितींत दीडशेच्या आसपास चेहरे आहेत. वर्षानुवर्षें खटपट करून नांवें लागलीं तीं अवघ्या मूठभरांस. बाकीचे चेहरे स्वच्छ दिसतात, हंसतात, हात हलवितात, आणि ते कोण हें सांगणारें माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरलेलें नाहीं. आमच्या समजुतीनें या चित्रपटाचें खरें तात्पर्य येथें आहे, आणि तें चित्रपटकर्त्रीला अभिप्रेत असलेल्या तात्पर्याहून किंचित् निराळें आहे. चित्र चेहरा राखतें. नांव राखण्याचें सामर्थ्य चित्रांत नाहीं. नांव राखतें तें ओळखणारें माणूस. म्हणून घरगुती चित्र राखणें याचा अर्थ फीत राखणें एवढाच नसून, ती पाहून ‘हा अमुक’ असें म्हणूं शकणाऱ्या मंडळींना त्या फितीभोंवतीं एकत्र ठेवणें हाच आहे. मंडळी विखुरली कीं घरचें चित्र अनाथ होतें. मग तें कितीहि उत्तम डब्यांत असो.

यावर एक आक्षेप सहज सुचेल, आणि तो खोटा नाहीं. ती फीत कुटुंबाच्या कपाटांत सत्तर वर्षें खाजगी राहिली तोंवर मुकी होती. जगापुढें ठेवली तेव्हांच तिला वाचा फुटली. मग खाजगीपणाचा आग्रह कशाला? जें जें घरांत आहे तें तें सर्वांपुढें मांडावें, कोणीतरी ओळखील! याला आमचें उत्तर असें कीं, नाशेल्स्कची फीत जगापुढें मांडावी लागली याचें कारण तिला ओळखणारी मंडळी मारली गेली होती. त्या गांवची वस्ती नांदती राहिली असती, तर त्या तीन मिनिटांना एका बैठकीच्या खोलीहून मोठी जागा लागली नसती. एखाद्या सायंकाळीं चारदोन घरांतील वडीलधारीं माणसें बोलावलीं असतीं तर दीडशेहि नांवें लागलीं असतीं. सार्वजनिक प्रदर्शन हें अनाथ चित्राचें आश्रयस्थान आहे. ज्याचीं आईबापें घरांत बसलीं आहेत त्याला तेथें नेऊन सोडण्याचें कारण नाहीं. शिवाय त्या फितींतील माणसांची अब्रू आतां इतिहासानें सांभाळली आहे. आपल्या फितींतील माणसें जिवंत आहेत. त्यांत मुलें आहेत, आजारी माणसें आहेत, घरच्या भांडणांत नको तें बोलून गेलेलीं माणसें आहेत. त्यांना कोणी विचारलें आहे?

विचारून, समजून उमजून उघड केलेल्या घरगुती चित्राचाहि एक चांगला दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलें. यूटा प्रांतांतील टोपाझ येथील छावणींत डेव्ह टात्सुनो या गृहस्थांनीं १९४३ ते १९४५ या काळांत चोरून आणविलेल्या ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें आपल्या कुटुंबाचें व शेजाऱ्यांचें रंगीत चित्रण केलें. पहारेकरी व कुंपण टिपण्याचें धाडस त्यांना होईना. त्यांनीं टिपलें तें बर्फ, प्रार्थना आणि मुलांबाळांचें हंसणें-खेळणें. १९९६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत त्या चित्रणाला स्थान मिळालें, तेव्हां टात्सुनो स्वतः हयात होते. चित्रांतलें माणूस कोण, तो प्रसंग कोणता, आणि त्यांत काय दिसत नाहीं, हें सांगावयास ज्यानें तें टिपलें तोच समोर होता. खाजगी वस्तु सार्वजनिक व्हावयाची तर ती अशी व्हावी : नांवांनिशीं, आणि धन्याच्या हातानें.

विश्वासाच्या मंडळींत कांहीं जपून ठेवावें, ही कल्पना आम्हां मराठी लोकांस परकी नाहीं. आमच्या गद्याचा आद्य ग्रंथच अशा रीतीनें वांचला आहे. म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनीं त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, कोणीं काय सांगितलें तें पारखून. त्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली. तेव्हां पंथांतील ज्या मंडळींस तो ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणांतून तो पुन्हां लिहून काढण्यांत आला. हिराइसेचें नांव त्या संबंधांत महानुभाव परंपरा आजहि आदरानें घेते. पोथी गेली होती, पण पोथी ओळखणारीं माणसें राहिलीं होतीं, म्हणून ग्रंथ राहिला. पुढें पंथानें आपलें वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केलें, आणि तें कित्येक शतकें परक्याच्या डोळ्यांपासून सुरक्षित राहिलें.

पण या कथेचा उत्तरार्धहि तितकाच लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कुलूप इतकें पक्कें बसलें कीं, पंथाबाहेरील मराठी वाचकाला हें वाङ्मय आहे याची वार्ताहि नव्हती, आणि ज्याविषयीं वार्ता नाहीं त्याविषयीं कुत्सित तर्क मात्र पुष्कळ होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. ल. भावे, वि. का. राजवाडे प्रभृतींच्या खटपटीनें आणि महंतमंडळींच्या औदार्यानें तें दार उघडलें, तेव्हां मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानें लिहावा लागला. यावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, कुलूप घालण्यांत दोष नाहीं; किल्ली कोणाजवळ आहे व ती पुढें कोणाकडे जावयाची, हें ठरविलेलें नसणें हा दोष आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पूर्वीं लग्न-मुंजीच्या वेळीं एखादी चित्रफीत होत असे. आतां नातवंडाच्या एका बारशाच्या शेपन्नास निघतात. त्या निघतात फोनवर, आणि घटकाभरांत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-समूहावर जातात. ‘घरचीच मंडळी आहेत’ या समाधानांत आपण असतों. परंतु तेथें जी प्रत पोहोंचते ती बहुधा आकसविलेली असते; मूळ प्रत एकाच फोनमध्यें राहते, आणि फोन पाण्यांत पडला वा बदलला कीं जाते. समूहांतील पन्नास जणांपैकीं कोणीहि ती कोणाकडेहि पुढें ढकलूं शकतो, आणि तसें करतांना त्याला आपण कांहीं अनुचित करतों असें वाटतहि नाहीं. कोणी यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ असें लिहून चित्रफीत ठेवतात व ती खाजगी झाली असें समजतात. वास्तविक ज्याच्या हातीं दुवा पडेल त्याला ती दिसते, नेमक्या माणसांनाच दिसावी अशी व्यवस्था निराळी आहे व ती ‘प्रायव्हेट’ या नांवाखालीं आहे. कोणी सर्व कांहीं परदेशी कंपनीच्या कोठारांत ठेवून निश्चिंत होतात. पण एका मोठ्या कंपनीनें २०२३ सालींच जाहीर केलें आहे कीं, दोन वर्षें न वापरलेलीं खासगी खातीं पुसून टाकलीं जाऊं शकतील. घरांतील वडील माणूस गेलें, त्याचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला, म्हणजे दोन वर्षांनीं काय होईल याचा विचार किती घरांत झाला आहे?

यंत्रांचा भरंवसा किती धरावा, याचा अनुभव आमच्या पिढीनें घेतलाच आहे. व्हीएचएस जातीच्या टेपा आम्ही चिरकाल टिकणार असें समजून कपाटांत लावून ठेवल्या. पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यांना बुरशी आली. आणि ज्यांना आली नाहीं त्या लावून पाहण्याचें यंत्रच नाहींसें झालें, कारण तीं यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनें तें काम २०१६ सालीं थांबविलें.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. आमच्या धाकट्या बंधूची मुंज १९८७ सालीं झाली, तिची टेप गेल्या वर्षीं आम्हीं खटपटीनें संगणकावर उतरवून घेतली. कडेला बुरशीचे पट्टे आहेत, आवाज मधून मधून बुडतो, तरी बरेंचसें दिसतें. आम्हीं ती मोठ्या हौसेनें कुटुंबाच्या समूहावर पाठविली. एका दिवसांत चाळीस अंगठे व हृदयें आलीं. ‘किती छान’, ‘जुने दिवस’ असे अभिप्राय आले. परंतु मातृभोजनाच्या पंगतींत बंधूच्या मागें बसलेलीं माणसें कोण, असें विचारतांच समूह मुका झाला. चाळिसांतील एकालाहि पांचाहून अधिक नांवें सांगतां येईनात, आम्हांसहि येईनात.

शेवटीं संगणक घेऊन आम्ही सांगलीस आत्याबाईंकडे गेलों. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. फोन त्या फक्त बोलावयास वापरतात. त्यांनीं चष्मा पुसला, आणि तें चित्र थांबवीत थांबवीत दोन तासांत तेवीस नांवें सांगितलीं. नुसतीं नांवें नव्हेत. कोणाचें सासर कोणतें, कोणाच्या अंगावरचें लुगडें कोणाचें, कोण कोणाशीं बोलत नव्हतें, सर्व. आम्ही लिहून घेत होतों. एके ठिकाणीं माजघराच्या दारांत एक बाई अर्धवट दिसते. पुढें येत नाहीं, मागेंहि जात नाहीं. छायाचित्रकाराचा प्रखर दिवा तिच्यावर पडतो तेव्हां पदरानें तोंड झांकते. आम्हीं विचारलें, “ही कोण?” आत्याबाई थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “कमळाकाकू. त्या वर्षीं काका गेले होते ना. तिला कोणी पुढें ये म्हटलें नाहीं, रे. मीहि म्हटलें नाहीं.” आणि थोड्या वेळानें, “एवढा तुकडा सगळ्यांना नको दाखवूंस. ती तोंड झांकतेय, दिसत नाहीं का तुला? आपल्या घरच्या मुलींना दाखव हवें तर. पण आधीं नांव सांग, आणि मग दाखव.”

तो तुकडा आम्हीं आधींच चाळीस जणांना दाखवून मोकळे झालों होतों. कोणाच्या लक्षांतहि आला नव्हता, एवढेंच काय तें समाधान. पण तें समाधान म्हणावें कीं लाज, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

नाशेल्स्कच्या चित्रपटांत त्या वृद्धाच्या हंसण्यानें जें घडतें, तेंच आत्याबाईंच्या त्या दोन वाक्यांनीं आमच्या टेपेंत घडलें. चार दशकें आम्ही त्या चित्रांत मुंज पाहत होतों; आतां तेथें एक दार आहे, आणि दारांत एक माणूस आहे. आणि मंडळीचें काम केवळ ओळखण्याचें नाहीं, काय झांकावें हें जाणण्याचेंहि आहे, हेंहि आम्हांस तेथेंच कळलें. हा विवेक कोणत्याहि यंत्राच्या कळेंत नाहीं. कळ फार तर ‘कोणाला दिसावें’ एवढें विचारील. ‘कोणीं तोंड झांकलें आहे’ हें ती विचारणार नाहीं.

म्हणून वाचकांस कांहीं साध्या सूचना कराव्याशा वाटतात. मूळ प्रती निदान दोन ठिकाणीं, दोन निराळ्या माणसांच्या घरीं असाव्यात. पाहणाऱ्यांची मंडळी लहान असावी, आणि आंत कोण आहे हें प्रत्येकास ठाऊक असावें. चित्रफितीबरोबर साध्या वहींत सालवार नांवें लिहून ठेवावींत. वही वाचावयास यंत्र लागत नाहीं. किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, पुढील पिढींतील एकाजवळ आजच द्यावा. आणि चित्रांतील माणसाला, किंवा तें नसल्यास त्याला ज्यानें जवळून पाहिलें त्याला, विचारल्याशिवाय तें मंडळीबाहेर नेऊं नये.

यांपैकीं नांवें लिहिण्याचें काम मात्र लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. फीत आकसली तर तिचा जीर्णोद्धार करणारे कारागीर जगांत आहेत. नाशेल्स्कच्या चौकांत हात हलविणाऱ्या त्या बाकीच्या चेहऱ्यांपुढें मात्र सगळ्या कारागिरांनीं हात टेकले. आमच्या टेपेंतहि मंडपाच्या खांबाशीं एक मुलगी उभी आहे. झालरीचा झगा, हातांत फुटलेला फुगा. आत्याबाईंनीं तिच्याकडे बराच वेळ पाहिलें आणि त्या म्हणाल्या, “ही मला नाहीं आठवत. तुझ्या आईला ठाऊक असती.” आमच्या आईला जाऊन सहा वर्षें झालीं.